दीपमालेच्या कवितेचा अर्थ

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

स्पीच थेरपीच्या मॅडमनी सांगितलंय, माला दिवसभरात जे काही बोलेल ते लिहून ठेवा. कोणता शब्द, कशावरून आला. म्हणून ही डायरी. केमिस्टने कधीतरी भेट दिलेली कोरी पडून होती. जुन्या तारखा खोडून वापरतोय.

आजचे शब्द: हो. नको. पाणी. परत नको.

ऑगस्टमध्ये झटका आला तेव्हापासून तिची उजवी बाजू गेली आणि बोलणंही. डॉक्टर म्हणतात, समजतं तिला बरंचसं, पण शब्द सापडत नाहीत. शिवाय 'हो' आणि 'नको' यांची अदलाबदल होते, त्यावर विसंबू नका. चहा हवा का विचारलं की नको म्हणते आणि कप तोंडाशी नेला की पिते. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई.

मी सातपूरला कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. नोंदी ठेवायची सवय आहे. पण तिथे नोंद म्हणजे आकडा आणि खाली सही. इथे काय नोंदवायचं ते अजून नीट कळत नाही.

१४ नोव्हेंबर

फक्त 'पाणी'. दोनदा. त्यातलं एकदा खरंच हवं होतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस सविस्तर लिहायला हवा.

दुपारी एक मुलगी आली. वेदिका नाव. पीएच.डी. करतेय, नाशिक जिल्ह्यातल्या कवयित्रींवर. बसल्या बसल्या तिने पिशवीतून मालाचं पुस्तक काढलं, वर तिचं पूर्ण नाव, दीपमाला. 'दोन भिंतींचे घर', १९९४. आमच्याकडे त्याच्या उरलेल्या प्रती माळ्यावर आहेत, पण परक्या माणसाच्या हातात ते मी आज पहिल्यांदा पाहिलं. पानापानाला रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या.

"काका, याची नवी आवृत्ती काढायचीय. प्रकाशक तयार आहेत. फक्त ताईंची परवानगी हवी." मग आत पलंगाकडे बघून जरा थांबली. "म्हणजे आता तुमची."

मी म्हटलं, आधी तिला भेटा तरी. ती मालाच्या उशाशी बसली, नमस्कार केला, आणि काय बोलावं ते न सुचल्यामुळे असेल, पुस्तक उघडून पहिलीच कविता वाचायला लागली.

समोरासमोर उभ्या आहेत दोघी,
वर पुरेसे छप्पर.
एकीला खिडकी आहे.
दुसरीला खिडकीची गरज कळत नाही.
पाहुणे म्हणतात,

इथे पान संपलं म्हणून ती थांबली. आणि माला म्हणाली, "किती भक्कम घर."

स्वच्छ. तीनही शब्द. जीभ कुठे अडखळली नाही.

वेदिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसून आलो. मग पुण्याला निकिताला फोन लावला. म्हटलं, आई बोलली, अख्खं वाक्य बोलली. काय बोलली, विचारत होती. मी म्हटलं, किती भक्कम घर. पुढे फोन कट झाला. रेंज जात असावी.

१८ नोव्हेंबर

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, असं होतं. पाठ असलेली गाणी, कविता, आरत्या मेंदूत वेगळ्या ठिकाणी असतात, त्या टिकतात. तेव्हा रोज वाचून दाखवा, शेवटचे शब्द गाळा आणि थांबा. "काय वाचताय ते महत्त्वाचं नाही, तिच्या ओळखीचं हवं."

म्हणजे आता मी मालाच्या कविता वाचणार. यापूर्वी वाचलेल्या नाहीत. प्रकाशनाला गेलो होतो, कारखान्यात पेढे वाटले होते. घरी येऊन दोन पानं चाळली, डोक्यावरून गेली, ठेवून दिलं. मी तिला कधी अडवलं मात्र नाही. रात्रीची भांडी आवरल्यावर ती टेबलाशी लिहीत बसायची तेव्हा मी टीव्हीचा आवाज बारीक करायचो.

२० नोव्हेंबर, बुधवार

सकाळीच मतदान करून आलो. मग वाचन.

'दोन भिंतींचे घर' मी पेन्सिल घेऊन चारपाच वेळा वाचली. मला काही ते पटत नाही. दोन भिंतींवर छप्पर टाकता येतं, गोठ्याला टाकतात, पण त्याला घर म्हणता येणार नाही. वारा सरळ आरपार जाईल. आणि दोन बाजू मोकळ्या असल्यावर खिडकी हवी कशाला? मालाला हे बोलून दाखवलं. ती माझ्याकडे बघत राहिली. ओठांची डावी बाजू थोडी हलली. हसली असं मी नोंदवतो.

दुसरी एक छोटी आहे:

माझा आवाज मी माहेरीच ठेवून आले.
त्याला इथले पाणी मानवत नव्हते.

तिचं माहेर सिन्नरचं. तिथल्या पाण्याने उलट दात पिवळे व्हायचे, तीच सांगायची. इंदिरानगरचं पाणी चांगलं आहे. समासात प्रश्नचिन्ह केलं.

आजचे शब्द: "मानवत नव्हते." तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा जोरात.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज एक कविता लागली ती मला कळली! नाव 'माप'.

तो मोजतो.
पोलादातला केसाएवढा फरक
त्याच्या बोटांना कळतो.
मी रोज थोडी कमी होऊन
त्याचे ताट वाढते.
तो म्हणतो, भाजी छान झाली.

हा 'तो' म्हणजे इन्स्पेक्टर, यात शंका नाही. लग्न झालं त्या वर्षी मी तिला एकदा कारखाना दाखवायला नेलं होतं. मायक्रोमीटरमध्ये तिचाच एक केस धरून त्याची जाडी मोजून दाखवली होती. त्यावरून तिला हे सुचलं असणार. म्हणजे एका कवितेला का होईना, माझा हातभार लागलाय. फार बरं वाटलं. 'रोज थोडी कमी होऊन' एवढंच अडलं होतं, पण आठवलं की त्या सुमारास ती खूप वाळली होती. रक्त कमी होतं, लोहाच्या गोळ्या चालू होत्या. त्याही मीच आणून द्यायचो.

मी "तो म्हणतो" म्हणून थांबलो. माला म्हणाली, "भाजी छान झाली."

सिंधुबाई तेव्हा मालाचं अंथरूण बदलायला आली होती. ती सकाळचं सगळं करते, स्वयंपाकसुद्धा. तिला वाटलं आजच्या गिलक्यांबद्दलच चाललंय. "ताई बोलल्या! दादा, माझी भाजी ताईंना आवडली बघा. लय दिवसांनी कोणी नाव काढलं." मी काही तिचा गैरसमज दूर केला नाही.

३ डिसेंबर

सहादू भेटायला आला होता. आम्ही एकाच खात्यात बावीस वर्षं काढली. त्याची बायको, माला, सगळ्यांचं येणंजाणं. मी कौतुकाने त्याला 'माप' वाचायला दिली. म्हटलं, बघ, आपल्या खात्यावर कविता आहे.

त्याने चष्मा लावला, वाचली, परत वाचली. मग माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, कशी वाटली? तो म्हणाला, "सावळीराम, चहा टाकतोस का?"

त्यालाही कविता कळत नाहीत. चहा घेतला, कांद्याच्या भावावर बोलून गेला. जाताना दारात मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. तो असं कधी करत नाही. मालाच्या आजारपणाचं त्याने फार मनाला लावून घेतलेलं दिसतं.

११ डिसेंबर

वाचनालयातून कविता कशी वाचावी यावरचं एक पुस्तक आणलं. प्रतिमा, प्रतीक, अनेकार्थता. लिहिणाऱ्याला सरळ सांगायचं असतं तर त्याने सरळ सांगितलं नसतं का? ड्रॉइंग पाठवणारा असं करायला लागला तर एकही पार्ट बसणार नाही. आपली चूक असेल, पण मला वाटतं समोरच्याला कळू नये अशी सोय करून ठेवायची आणि मग कळलं नाही म्हणून हिरमुसायचं, हे काही बरोबर नाही.

हे मालाच्या बाबतीत लिहीत नाहीये. ती हिरमुसलेली मी पाहिलेली नाही.

वेदिकाला फोन केला. "काका, अर्थ असा एकच नसतो," म्हणाली. मी म्हटलं, एक तर सांग, बाकीचे राहू दे. ती म्हणाली, "मला वाटतं हे सगळं पुस्तक एका लग्नाबद्दल आहे." कोणाच्या, मी विचारलं. ती गडबडली. म्हणाली, "म्हणजे एकूणच, काका. त्या काळातल्या."

१५ डिसेंबर, रविवार

निकिता आलीय. दुपारी मी नेहमीप्रमाणे वाचायला बसलो. ती दारात उभी राहून ऐकत होती. माला आज छान होती, सहा जागी शेवटचे शब्द बरोबर सांगितले. मी प्रत्येक वेळी "शाब्बास" म्हणत होतो.

निकिता म्हणाली, "बाबा, तुम्ही काय वाचताय ते कळतंय का तुम्हाला?"

"प्रयत्न चालू आहे. निम्मं प्रश्नचिन्हात आहे."

"आणि आईचा चेहरा? तो बघताय?"

मी म्हटलं, चेहरा उजवीकडून उतरलाय, त्याला वेळ लागणार असं डॉक्टरांनी सांगितलंच आहे. ती बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिली. तिच्या ऑफिसात कपात चालू आहे, त्याचा ताण असणार. मी तिला गूळ घातलेला चहा नेऊन दिला. तिने घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

२९ डिसेंबर

आज पुस्तकाच्या शेवटाकडे आलो. कवितेचं नाव 'नाव'.

ज्याचे नाव ठेवायचे राहून गेले
त्याला हाक मारता येत नाही.
संध्याकाळी साऱ्या आया दारात येतात
आणि आपापली नावे ओरडतात.
मी दारात उभी राहून
कुकरच्या शिट्ट्या मोजते.

ही समजायला पेन्सिल लागली नाही.

१९८२. मुलगा होता. जन्मला तेव्हाच गेलेला होता. तिला दाखवायचं नाही असं घरातल्या मोठ्यांनी ठरवलं. मी आणि तिचा भाऊ त्याला घेऊन गेलो. पुढे मी कामावर रुजू झालो, ती शाळेत. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. बोलून तिला त्रासच झाला असता. मला वाटत होतं, ती विसरली.

हे छापलेलं आहे. तीस वर्षं छापलेलं आहे. सहादूकडे एक प्रत आहे, तिच्या शाळेच्या लायब्ररीत आहे, सिन्नरला आहे.

मी "मी दारात उभी राहून" इथपर्यंत वाचलं आणि पुढे वाचवेना. थांबायचं म्हणून थांबलो नव्हतो. पण तिला वाटलं थांबलोय, आणि तिने ओळ पुरी केली. सगळी. मग डावा हात चादरीवरून पुढे केला. मी पुस्तक मिटून ठेवलं, औषधाची वेळ झाली होती. गोळी दिली. हात परत चादरीखाली नीट ठेवला, बाहेर गारठा आहे.

५ जानेवारी २०२५, रविवार

वेदिका कवितांचं नक्की करायला आली होती. मी म्हटलं, सगळं घ्या, ती शेवटची 'नाव' तेवढी नको.

"काका, ती तर या पुस्तकातली सगळ्यात..."

"ती घरातली गोष्ट आहे."

"ती आधीच छापलेली आहे ना."

"तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं."

ती म्हणाली, आपण ताईंना विचारू. बरोबर होतं तिचं. आम्ही दोघं पलंगाशी गेलो. मी स्पष्ट शब्दांत विचारलं, "माला, ती शिट्ट्यांची कविता नव्या पुस्तकात ठेवायची?"

माला म्हणाली, "हो."

मी वेदिकाला समजावून सांगितलं की तिच्या हो-नकोवर विसंबता येत नाही, डॉक्टरांनीच तसं सांगितलंय. ताळा म्हणून परत उलटं विचारलं, "काढून टाकायची?" माला म्हणाली, "नको. नको. नको." मग वेदिका म्हणाली, "काका, बघा ना." मी म्हटलं, ती कधीकधी एकच शब्द धरून बसते. चहाचंही तसंच करते.

कागदावर मी सही केली. वेदिका जिना उतरताना नाक पुसत होती. सर्दीचे दिवस आहेत.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळाचा लाडू कुस्करून दुधातून भरवला. खिडकीतून पतंग दिसतील अशी पलंगाची दिशा बदलली. तिने बघितले नाहीत.

शब्द: नाहीत. गेला आठवडाभर नाहीत. मी वाचतो, थांबतो, ती ओठ मिटून घेते. येत असलेल्या ओळीसुद्धा म्हणत नाही. मॅडमना कळवलं. त्या म्हणाल्या, असे चढउतार येतात. थंडी वाढलीय, हेही असेल.

२२ जानेवारी

शब्द नाहीत. 'माप'ला तरी बोलेल असं वाटलं होतं. "तो म्हणतो" म्हणून पाच मिनिटं थांबलो. शेवटी मीच म्हटलं.

६ फेब्रुवारी

रविवारी सकाळी दुसरा झटका आला. चहा भरवताना ओठांच्या कोपऱ्यातून ओघळायला लागला, आणि मी हाक मारली तर डोळे वळले नाहीत. अॅम्ब्युलन्स, उड्डाणपुलाखालची गर्दी, आयसीयू. निकिता पुण्याहून तीन तासांत आली.

काही लिहिण्यासारखं नाही.

१९ फेब्रुवारी

घरी आणलं. नाकातून नळी. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. तेवढं मला चांगलं जमतं. सिंधुबाई आता दिवसभर थांबते.

डॉक्टरांना विचारलं, ऐकू येतं का? म्हणाले, आवाज जात असेल, पण भाषा कळत असेल असं आता वाटत नाही. मी विचारलं, बोलणं परत येईल? त्यांनी माझं वय विचारलं. म्हटलं एकाहत्तर. म्हणाले, स्वतःची काळजी घ्या.

तरी मी संध्याकाळी एक कविता वाचतो. वाचलं नाही तर त्या वेळेत काय करायचं ते सुचत नाही.

३ मार्च

पुस्तक छापून झालंय. महिला दिनाला गंगापूर रोडच्या एका सभागृहात कार्यक्रम. वेदिका म्हणाली, तुम्ही पाच मिनिटं बोला, आवडती एक कविता वाचा. मी लगेच म्हटलं, 'माप'. ती म्हणाली, "काका, 'दोन भिंतींचे घर' वाचा ना, पुस्तकाचं नावच आहे." रात्री निकिताचाही फोन. तेच. "बाबा, दुसरी कोणतीही वाचा. मी हात जोडते."

माझे उच्चार त्यांना गावठी वाटत असतील. निफाडकडचा माणूस आहे मी, 'ण' आणि 'न'ची गडबड होते. पण 'माप'मध्ये एकच 'ण' आहे, मी तपासून पाहिलं. आणि ही एकच मला पूर्ण कळलेली आहे. न कळलेली कविता मी लोकांसमोर वाचणार नाही.

८ मार्च, शनिवार

कार्यक्रम झाला. माणसं पन्नाससाठ होती, बऱ्याच बायका. मालाच्या शाळेतल्या तिघी आल्या होत्या. सिंधुबाई मालाजवळ थांबली होती.

माझं नाव पुकारल्यावर मी वर गेलो. आधी सांगितलं की मी साहित्यातला माणूस नाही, पण घरात लिहिणाऱ्या व्यक्तीला आवश्यक ती शांतता देण्याचं काम मी केलं. मग मायक्रोमीटरची गोष्ट सांगितली, केसाची. म्हटलं, या कवितेतला 'तो' कारखान्यातला इन्स्पेक्टर आहे आणि मीही इन्स्पेक्टर होतो, तेव्हा यात माझा खारीचा वाटा आहे. इथे लोक हसतील असं वाटलं होतं.

मग कविता वाचली. सावकाश, रोज घरी वाचतो तशी. शेवटच्या ओळीआधी सवयीने थांबलो. मग म्हटलं, "भाजी छान झाली."

कोणी टाळी वाजवली नाही. मालाच्या शाळेतल्या एक बाई खाली बघत होत्या. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने पदर तोंडाला लावला. वेदिका माइकपाशी आली आणि तिला पुढचं नावच पुकारता येईना. मागच्या रांगेतून निकिता उठून बाहेर गेलेली मला वरून दिसली.

खरं लिहायचं तर मला थोडा धीर आला. मला वाटलं, यांनाही कळलेली दिसत नाही.

९ मार्च, रविवार

सकाळी निकिता स्वयंपाकघरात बसली होती. मी तिला म्हटलं, कालचे लोक गप्पच बसले, कविता अवघड आहे म्हणा.

ती म्हणाली, "बाबा, अवघड नाहीये. तो तुम्ही आहात."

"ते मी सांगितलंच की. माझ्यावरून सुचलं."

"तुमच्यावरून नाही. तुम्हीच. आणि कमी होतेय ती आई."

मी लोहाच्या गोळ्यांचं सांगायला लागलो. तिने हाताने थांबवलं. मग ओळीमागून ओळ सांगत गेली. दोन भिंती म्हणजे कोण. खिडकी कोणाला नव्हती. माहेरी राहिलेला आवाज म्हणजे काय. ओरडत नव्हती, तिसरीतल्या मुलाला समजावावं तशी सांगत होती. पुस्तकभर मी केलेली प्रश्नचिन्हं होती, त्या सगळ्यांची उत्तरं तिच्याकडे होती.

मी विचारलं, "तुला हे कधीपासून माहीत?"

"अकरावीत वाचलं मी. मला भाऊ होता हे मला आईने सांगितलं नाही, बाबा, त्या कवितेने सांगितलं. आणि ती तुम्ही काढून टाकलीत."

"मी कधी वाईट वागलो तिच्याशी? हात उगारला? पगार घरी आणला नाही? तिला लिहायला नाही म्हटलं?"

"नाही. वाईट वागला असतात तर तिला लिहायला सोपं गेलं असतं."

मी म्हटलं, "भाजी खरंच छान व्हायची गं."

ती रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवावा की नाही ते मला कळेना. दुपारच्या गाडीने ती पुण्याला गेली. जाताना पाया पडली. नेहमी पडते.

१२ मार्च

वेदिकाला फोन केला. म्हटलं, 'नाव' घालता येईल का? वेगळा कागद छापून आत चिकटवला तर? मी स्वतः चिकटवून देतो सगळ्या प्रतींत. ती म्हणाली, "काका, प्रती बाहेर गेल्या. पुढच्या आवृत्तीत नक्की बघू." पहिल्या आवृत्तीनंतर दुसरीला तीस वर्षं लागली. हे तिलाही ठाऊक होतं.

संध्याकाळी खुर्ची ओढून मालाजवळ बसलो. पुस्तक घेतलं नाही. आधी विचारायचं होतं.

विचारलं, "माला, तो मीच का?"

नळीतून दूध जात होतं त्याचा बारीक आवाज.

"एवढं सगळं होतं तर मला सांगायचं होतंस." हे बोललो आणि लगेच लक्षात आलं, तिने सांगितलं होतं. लिहून, छापून, हातात दिलं होतं. पुढेही, अगदी या नोव्हेंबर-डिसेंबरात, ज्या तोंडाने पाणी मागता येत नव्हतं त्या तोंडाने रोज सांगत होती, आणि मी शाब्बास म्हणत होतो. तीन दिवस झाले, माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. त्या दिवशी चादरीवरून पुढे आलेला तिचा हात. तो कशासाठी होता हे विचारायचं होतं. विचारलं. त्या हाताला आता सलाईनची सुई आहे, तो सुजलाय.

हो म्हणाली असती तरी चाललं असतं. नको म्हणाली असती तरी. कोणताही अर्थ लावला असता.

सहाला कूस बदलायची वेळ झाली. सिंधुबाई भाकरी थापत होती, म्हणून एकट्यानेच वळवलं. मानेखाली हात, गुडघ्याखाली उशी, सगळं नीट. आता तिचं तोंड कपाटाच्या बाजूला झालं. मी पलंगाला वळसा घालून तिकडे गेलो. पलंग आणि कपाट यांच्यामध्ये खुर्ची बसेल एवढी जागा नाही, एक माणूस तिरका उभा राहील एवढीच आहे. तसाच उभा राहिलो. तिचे डोळे उघडे होते. बराच वेळ मी त्यांच्यात बघत होतो. मला काही कळलं नाही.